वर्गमुळाला सरळ रूप देताना चूक नेमकी कुठे होते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा-सांगलीकडच्या नववी-दहावीच्या मुलांसाठी, त्यांच्या वह्या तपासणाऱ्यांसाठी आणि रात्री अभ्यासाला शेजारी बसणाऱ्या आईवडिलांसाठी हे पान आहे. सेमीची मुलं 'रूट' म्हणतात, मराठी माध्यमाची 'वर्गमूळ' किंवा 'करणी' म्हणतात, गणित एकच. इथे करणीचिन्हाची आडवी रेघ ओढता येत नाही. म्हणून रेघेखाली एकापेक्षा जास्त पदं असतील तिथे कंस घातला आहे: √(अ + ब).

√१२ मधून बाहेर नक्की काय येतं: २, ३ की ४?

२. मूळ अवयव पाडा: १२ = २ × २ × ३. करणीखालून जोडी बाहेर पडते, पण दाराबाहेर येताना जोडीतला एकच येतो. म्हणून √१२ = २√३.

वह्यांत याची तीन चुकीची रूपं दिसतात. ४√३ लिहिणाऱ्याने ४ तसाच बाहेर आणला, त्याचं वर्गमूळ काढायचं राहिलं. २√६ लिहिणाऱ्याने १२ ला २ ने भागलं. बाहेर २ काढायचा तर आतून ४ जायला हवेत हे निसटलं. ३√२ मध्ये जोडी आणि एकटा यांची अदलाबदल झाली.

पडताळा एका ओळीचा आहे. उत्तराचा वर्ग करा आणि करणीखाली सुरुवातीला असलेली संख्या परत मिळते का ते बघा. (२√३)² = ४ × ३ = १२, जमलं. (४√३)² = ४८, (२√६)² = २४, (३√२)² = १८. तिन्ही बाद.

√७२ = ३√८ लिहिलं तर चूक का?

चूक नाही, अर्धवट आहे. ८ मध्ये अजून ४ लपलेत. खरी चूक पुढच्या ओळीत होते: ३√८ मधून २ बाहेर आला की मुलं ३ + २ = ५ करतात आणि ५√२ लिहितात. बाहेरचा ३ करणीला गुणलेला आहे, त्यामुळे नवा येणाराही गुणूनच बसतो: ३ × २√२ = ६√२. वर्ग करून बघा, ३६ × २ = ७२. तेच ५√२ चा वर्ग ५०.

हा दोन टप्प्यांचा घोळ टाळायचा तर आत मावणारा सर्वांत मोठा पूर्ण वर्ग पहिल्याच फटक्यात काढा. ७२ = ३६ × २. त्यासाठी ३० पर्यंतचे वर्ग तोंडपाठ हवेत, याला दुसरा उपाय नाही.

संख्या मोठी असेल, समजा √१५७५, तर सुरुवात कुठून करायची?

४, ९, २५, ४९, १२१ या क्रमाने भाग लावून बघा. शेवटचे दोन अंक ७५, म्हणजे २५ ने नि:शेष भाग जातो: १५७५ = २५ × ६३. ६३ मध्ये ९ आहेत: ६३ = ९ × ७. म्हणून √१५७५ = ५ × ३ × √७ = १५√७. आत उरलेला ७ मूळ संख्या आहे, तिथे थांबायचं. आत उरलेली संख्या मूळ नसेल, जसं √३० किंवा √४२, पण तिच्या अवयवांत एकही जोडी नसेल, तरी तिथेच थांबायचं. ३० = २ × ३ × ५. 'आतली संख्या संयुक्त आहे म्हणजे अजून सरळ रूप होईल' हा गैरसमज बऱ्याच जणांना उगाच अर्धं पान फिरवतो.

√(अ + ब) = √अ + √ब का चालत नाही? गुणाकारात तर चालतं!

सर्वांत जास्त गुण खाणारी चूक हीच, म्हणून जरा सविस्तर बघू.

जमिनीचं उदाहरण घ्या. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि १०८९ = ३३². म्हणजे एक गुंठ्याच्या चौरस तुकड्याची बाजू ३३ फूट. ९ गुंठ्यांचा चौरस तुकडा असेल तर बाजू ३ × ३३ = ९९ फूट; १६ गुंठ्यांचा असेल तर ४ × ३३ = १३२ फूट. आता तासगावकडे कुणी या दोन तुकड्यांच्या बदल्यात तेवढ्याच क्षेत्राचा एकच चौरस तुकडा घेतला. एकूण रान २५ गुंठे, बाजू ५ × ३३ = १६५ फूट.

√९ + √१६ या चुकीच्या वाटेने गेलं तर ३ + ४ = ७, म्हणजे बाजू २३१ फूट येते. २३१ फूट बाजूच्या चौरसाचं क्षेत्र ४९ गुंठे होतं. पंचवीस गुंठ्यांचे एकोणपन्नास गुंठे नुसत्या वहीत झाले! कुंपणाच्या तारेचा एक फेराही ६६० फुटांऐवजी ९२४ फूट निघेल.

कारण बीजगणितात दिसतं. (√अ + √ब)² = अ + ब + २√(अब). उजवीकडचं २√(अब) हे पद जास्तीचं आहे. वरच्या उदाहरणात ते २ × √१४४ = २४, आणि २५ + २४ = ४९. हरवलेले चोवीस गुंठे इथे सापडतात. अ किंवा ब यांपैकी एक शून्य असेल तरच हे पद नाहीसं होतं. दोन्ही धन असताना √अ + √ब हे √(अ + ब) पेक्षा नेहमी मोठंच असतं.

गुणाकारात असं जास्तीचं पद तयारच होत नाही: (√अ × √ब)² = अ × ब. म्हणून तिथे करणी फोडता येते. वजाबाकीत मात्र बेरजेचीच रड आहे: √(२५ − ९) = √१६ = ४, आणि ५ − ३ = २.

हीच चूक अक्षरांच्या वेषात आली की ओळखू येत नाही. √(क्ष² + ९) चं क्ष + ३ होत नाही. त्याला आणखी सरळ रूपच नाही, ते तसंच ठेवायचं. √(क्ष² + ६क्ष + ९) चं मात्र होतं (क्ष + ३ ऋण नसेल तर), कारण आत (क्ष + ३)² हा पूर्ण वर्ग आहे. मधलं ६क्ष हे पद तपासल्याशिवाय रेघेला हात लावू नका. पायथागोरसच्या प्रमेयात कर्ण काढताना ६ आणि ८ यांची सरळ बेरीज करून १४ लिहिणारा मुलगाही हेच करत असतो.

मग क्षेत्र दुप्पट झालं की बाजू दुप्पट होते का?

नाही. २ गुंठ्यांच्या चौरसाची बाजू √२१७८ = ३३√२, म्हणजे सुमारे ४६.७ फूट. ६६ फूट बाजू घेतली तर ४ गुंठे भरतात. एक एकर म्हणजे ४० गुंठे, ४३,५६० चौरस फूट; चौरस एकराची बाजू ३३√४० = ६६√१०, सुमारे २०८.७ फूट.

√३ + √५ = √८ नाही हे कळलं. मग √८ + √१८ चं काय करायचं?

आधी प्रत्येकाला सरळ रूप द्या: २√२ + ३√२ = ५√२. करणीखालची संख्या सारखी असेल, म्हणजे सरूप करणी असतील, तर फक्त सहगुणकांची बेरीज होते. पाच किलो हळदीत दोन किलो हळद मिसळली तर सात किलो हळद, तसंच. म्हणून २√३ + ५√३ = ७√३. इथे ७√६ लिहिणाऱ्याने करणीखालच्याही बेरजा केल्या, आणि १०√३ लिहिणाऱ्याने बेरजेच्या जागी गुणाकार केला. खरा गुणाकार असता, २√३ × ५√३, तर उत्तर १० × ३ = ३० आलं असतं, करणी उरलीच नसती.

उलट दिशेची चूकही होते. √२७ + √१२ − √७५ बघून 'करणी वेगवेगळ्या आहेत, बेरीज होणार नाही' असं लिहून मुलं मोकळी होतात. सरळ रूप दिलं की ३√३ + २√३ − ५√३ = ०. आधी सरळ रूप, मग सरूप की नाही याचा निकाल.

√१६ = ±४ लिहायचं का?

नाही. √१६ = ४. √ हे चिन्ह फक्त ऋण नसलेलं मूळ दाखवतं. क्ष² = १६ हे समीकरण दिलं असेल तर उकली दोन: क्ष = ४ किंवा क्ष = −४. पहिल्यात एका संख्येचं नाव विचारलंय, दुसऱ्यात 'कोणाकोणाचा वर्ग १६ होतो' असं विचारलंय. दहावीच्या वर्गसमीकरणाच्या सूत्रात करणीच्या आधी ± वेगळं लिहावं लागतं, ते याचसाठी. चिन्हातच दोन्ही आले असते तर ते लिहायची गरज काय होती?

ही दोन मुळांची गोष्ट आपल्याकडे जुनी आहे. धन संख्येला धन आणि ऋण अशी दोन मुळं असतात, आणि ऋण संख्या कशाचाच वर्ग नसल्यामुळे तिला मूळ नाही, हे भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात लिहून ठेवलंय.

'करणी' हा शब्द असा विचित्र का?

गावाकडे करणी म्हटलं की लिंबू आणि टाचण्या आठवतात, त्यामुळे वर्गात हशा पिकतो. गणितातला शब्द शुल्बसूत्रांपासूनचा, म्हणजे यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन ग्रंथांपासूनचा आहे. वेदी आखताना ठरावीक क्षेत्राचा चौरस 'करणारी' दोरी किंवा बाजू ती करणी. दुप्पट क्षेत्राचा चौरस करणारी द्विकरणी, म्हणजे आपला √२. तिप्पट करणारी त्रिकरणी, म्हणजे √३.

√(क्ष²) = क्ष, यात चूक काय?

क्ष ऋण असेल तर आहे. क्ष = −५ घ्या: √(२५) = ५, म्हणजे उत्तर क्ष नव्हे, −क्ष आलं. म्हणून √(क्ष²) = |क्ष|, केवलमूल्य. 'क्ष धन आहे' असं उदाहरणात दिलं असेल तर उभ्या रेघा नकोत. ते वाक्य बऱ्याचदा उदाहरणाच्या शेवटी बारीक लपलेलं असतं, आधी ते शोधा.

संख्यांतही हा सापळा येतो. √(७ − ४√३) घ्या. ७ − ४√३ = (२ − √३)² हे खरं, पण (√३ − २)² सुद्धा तेवढंच येतं. उत्तर कोणतं? √३ सुमारे १.७३२, म्हणून २ − √३ धन आणि √३ − २ ऋण. उत्तर २ − √३. नुसता वर्ग करून पाहिला तर ही चूक सापडत नाही, कारण दोन्हींचा वर्ग सारखाच. चिन्ह वेगळं तपासावं लागतं.

क्षच्या घातांकाचं काय करायचं? √(क्ष⁹) = क्ष³ का नाही?

कारण घातांकाचं वर्गमूळ काढायचं नसतं, तो निम्मा करायचा असतो. ९ आणि १६ हे स्वतः पूर्ण वर्ग असल्यामुळे मुलं फसतात. √(क्ष¹⁶) = क्ष⁸, क्ष⁴ नव्हे. घातांक विषम असेल तर एक क्ष आत ठेवा: √(क्ष⁹) = क्ष⁴√क्ष. तसंच √(५०क्ष³) = ५क्ष√(२क्ष). इथे केवलमूल्याची रेघ लागत नाही, कारण करणीखाली ५०क्ष³ असल्यामुळे क्ष मुळातच ऋण असू शकत नाही. √(क्ष⁶) ला मात्र |क्ष³| लिहावं लागतं.

√(−४) × √(−९) = √३६ = ६ बरोबर का?

चूक. √अ × √ब = √(अब) हा नियम अ आणि ब ऋण नसतानाच लागू आहे. दहावीपर्यंत 'वास्तव संख्यांत √(−४) ला किंमत नाही' एवढंच लिहा. अकरावीत संमिश्र संख्या आल्या की याचं उत्तर −६ येतं.

छेदाचं परिमेयीकरण करताना, म्हणजे छेदातली करणी घालवताना, कुठे घसरतं?

चार ठिकाणी.

फक्त छेदाला गुणणं. ६/√३ चा छेद √३ ने गुणून ६/३ = २ लिहिलेलं बऱ्याच वह्यांत दिसतं. अंशालाही गुणा: ६√३/३ = २√३.

जोडी चुकीची निवडणं. १/(√५ − √३) मध्ये पुन्हा √५ − √३ नेच गुणलं तर छेद ८ − २√१५ होतो, करणी जागच्या जागी. चिन्ह बदललेली अनुबद्ध जोडी, म्हणजे √५ + √३ घ्या: छेद ५ − ३ = २, उत्तर (√५ + √३)/२.

वर्ग करायचं विसरणं. (३ + √२)(३ − √२) = ९ − २ = ७. इथे ३ − २ = १ येतं ते करणीचा वर्ग केला आणि ३ चा राहिला म्हणून.

सहगुणकाचा वर्ग विसरणं, हे सर्वांत चिवट. १/(५ − २√६) चा छेद २५ − (२√६)² = २५ − २४ = १, म्हणून उत्तर ५ + २√६. (२√६)² चे १२ धरणाऱ्याचा छेद १३ होतो आणि पुढे सगळं उदाहरण तऱ्हेवाईक दिसायला लागतं. (२√६)² म्हणजे ४ × ६. दोन पायऱ्या लिहा, तोंडी करू नका.

(४ + √८)/२ मध्ये काय कापायचं?

२ ने भागायचं तर अंशातल्या प्रत्येक पदाला, आणि करणीखालच्या संख्येला बाहेरचा २ सरळ भागत नाही. √८/२ म्हणजे √४ नव्हे; बाहेरचा २ आत गेला की ४ होतो, म्हणून √८/२ = √(८/४) = √२. सोपी वाट अशी: √८ = २√२ आधी करा, मग (४ + २√२)/२ = २ + √२. वह्यांत २ + √८ (दुसरं पद भागलंच नाही) आणि ४ + √४ = ६ (पहिलं राहिलं, दुसरं चुकलं) ही दोन्ही उत्तरं भेटतात.

दहावीत क्ष² − ४क्ष + २ = ० सोडवताना (४ ± √८)/२ हेच येतं. उकली २ + √२ आणि २ − √२. पडताळ्याला मुळांची बेरीज आणि गुणाकार वापरा: बेरीज ४, गुणाकार ४ − २ = २. समीकरणाशी जुळलं. २ ± √८ धरलं असतं तर बेरीज ४ च येते, पण गुणाकार ४ − ८ = −४ निघून चूक पकडली जाते. म्हणून एकट्या बेरजेवर विसंबू नका.

बाहेरची संख्या आत नेताना?

वर्ग करून न्या: ३√५ = √४५. करणींची तुलना करायला हे उपयोगी: ३√५ मोठं की २√११? √४५ आणि √४४, म्हणून ३√५. ऋण चिन्ह मात्र बाहेरच राहतं. −३√५ = −√४५; ते आत नेऊन वर्ग केलं तर ऋण संख्या धन होऊन बसते.

√०.९ = ०.३ ना?

नाही. ०.३ × ०.३ = ०.०९. √०.९ सुमारे ०.९४९. दशांश चिन्हानंतरचे अंक दोन-दोनच्या जोडीने मोजा: √०.०९ = ०.३, √०.००४९ = ०.०७. याच कारणाने √१६० चे ४० होत नाहीत, ४√१० होतात. शून्य आणि एक यांच्यामधल्या संख्येचं वर्गमूळ त्या संख्येपेक्षा मोठं असतं, हे बऱ्याच जणांना पटायला वेळ लागतो.

दोन्ही बाजूंचा वर्ग करून समीकरण सोडवलं, तरी एक उत्तर चुकलं. असं का?

√(क्ष + ६) = क्ष घ्या. वर्ग केल्यावर क्ष² − क्ष − ६ = ०, म्हणजे क्ष = ३ किंवा −२. मूळ समीकरणात ठेवून बघा: क्ष = ३ ला √९ = ३, ठीक. क्ष = −२ ला डावी बाजू √४ = २ आणि उजवी −२. बाद. वर्ग करताना २ आणि −२ यांतला फरक पुसला जातो, म्हणून उपरी उकल आत शिरते. पायऱ्या सगळ्या बरोबर असूनही पडताळा न घेतल्याने इथे उत्तर चुकतं.

परीक्षेत कॅल्क्युलेटर नाही. अर्ध्या मिनिटात चूक कशी पकडायची?

√२ = १.४१४, √३ = १.७३२, √५ = २.२३६, √७ = २.६४६, √१० = ३.१६२ एवढ्या किमती पाठ ठेवा आणि ढोबळ अंदाज काढा. √८ + √१८ सुमारे २.८ + ४.२ = ७; कुणी √२६ लिहिलं असेल तर ते जेमतेम ५.१. दशांशाचा हिशोब पुरा करायचीही गरज पडत नाही.

अक्षरं असतील तर संख्या ठेवून बघा, पण ० आणि १ ठेवू नका. त्या दोघांचं वर्गमूळ आणि वर्ग तेच असल्यामुळे चुकीचे नियमही खरे वाटतात. ९ आणि १६ चांगले. केवलमूल्याचा संशय असेल तर एक ऋण संख्याही ठेवा. संख्या ठेवून नियम मोडला की तो खोटा ठरला. एकदा जुळला म्हणून खरा ठरत नाही.

वही तपासताना फक्त फुली मारून भागत नाही. काय लिहावं?

पहिली खोटी ओळ शोधा. प्रत्येक '=' हा एक दावा आहे; वरची आणि खालची ओळ यांची ढोबळ किंमत काढा आणि जिथे ती बदलते तिथे खूण करा. त्यापुढच्या ओळी बहुतेक वेळा बरोबरच असतात, फक्त चुकीच्या संख्येवर चालवलेल्या. मुलाला तिथेच 'वर्ग करून बघ' एवढं लिहिलं तरी पुरतं.

काही चुका गणिताच्या नसून हस्ताक्षराच्या असतात. करणीची रेघ कुठपर्यंत ओढली यावर √२ × क्ष आणि √(२क्ष) यांतला फरक ठरतो. ३√५ मधला ३ बारीक आणि वर चढवून काढला की ते पाचाचं घनमूळ दिसतं, आणि दोन ओळींनंतर लिहिणारा स्वतःच तसं वाचतो. रेघ पट्टीने नको, पण शेवटच्या पदावर नेऊन थांबवा.

मोबाइलवर पडताळा घेतला तर √९ + १६ चं उत्तर १९ आलं. मोबाइल चुकला का?

मोबाइलने तुम्ही लिहिलं तेच वाचलं: आधी √९ = ३, मग ३ + १६ = १९. त्याला रेघ दिसत नाही. √(९ + १६) असा कंस घालून टाइप करा, ५ येईल. व्हॉट्सॲपवर उदाहरण पाठवतानाही हाच कंस घाला, नाहीतर समोरचा वेगळंच उदाहरण सोडवून पाठवतो.